कमानीच्या सुरातली रॅकेट

हल्ली पेपरात 'प्रोफेशनल खेळाडू' असं छापून येतं आणि पोरंसोरं त्याचा फोटो कापून भिंतीला डकवतात. मला हसू येतं. अहो, मीही प्रोफेशनलच होतो की! नंदुरबारच्या ऑफिसर्स क्लबात वीसहून जास्त वर्षं टेनिसचा मार्कर. माझा फोटो मात्र कुणी डकवला नाही. क्लबाचा एक ग्रुप फोटो आहे, त्यात मी रोलरच्या मागे उभा आहे आणि माझं अर्धं तोंड एका साहेबाच्या टोपीने झाकलंय.

आमच्या काळी प्रोफेशनल म्हणजे खेळाचा पगार घेणारा, म्हणजेच नोकर. साहेब लोक फुकट खेळत म्हणून ते हौशी, आणि हौशी म्हणून ते वरचे. त्यांच्या स्पर्धेत आम्हाला बंदी. आम्ही फक्त त्यांना खेळवायचं, चेंडू धुवायचे, जाळी बांधायची आणि संध्याकाळी बूट पुसून द्यायचे. या सगळ्या कामांना मिळून मार्कर हा एकच शब्द होता. दिवाळी अंकाच्या संपादकांनी मला "तुमच्या नोकरीबद्दल लिहा" म्हटलं तेव्हा पहिल्यांदा वाटलं, यात लिहिण्यासारखं काय? मग आठवत गेलं तसं वाटलं, नाही लिहिलं तर कुणाला कळायचं तरी कसं?

माझं नाव कासम पिंजारी. आमच्या घरी सात पिढ्या कापूस पिंजायचं काम. पिंजायची कमान तुम्ही पाहिली असेल. माणसाच्या उंचीची, छताला टांगलेली, आणि तिला ताणून बांधलेली तात. तात म्हणजे बकऱ्याच्या आतड्याची दोरी. लाकडी ठोक्याने ती वाजवायची, की कापसाच्या गाठी सुटून भुरभुर उडायला लागतात. तात नीट ताणली आहे की नाही हे डोळ्यांना कळत नाही, कानाला कळतं. अब्बा म्हणायचे, "पहले सुन, बाद में खींच." मी बोलायला शिकायच्या आधी तो सूर ओळखायला शिकलो असेन.

आता पिंजारी टेनिसमध्ये कसा घुसला? अब्बा एकदा क्लबाच्या गाद्या पिंजायला गेले होते. तिथे व्हरांड्यात एक साहेब तुटकी रॅकेट हातात घेऊन चरफडत होता, कारण ती मुंबईला पाठवायची आणि महिनाभर वाट बघायची. अब्बांनी रॅकेट उलटीसुलटी करून पाहिली आणि म्हणाले, "साब, ये तो अपनी तात है." दुसऱ्या दिवशी बांधून दिली. पुढे पिंजायची यंत्रं आली, तयार गाद्या आल्या, कमानीला काम उरलं नाही. रॅकेटींनी आमच्या घराची चूल पेटती ठेवली. अब्बांच्या मागे ते काम माझ्याकडे आलं आणि रॅकेटींबरोबर मीही क्लबात राहिलो तो राहिलोच.

कोर्ट बनवणं म्हणजे काय ते सांगतो, कारण लोकांना वाटतं चार रेघा मारल्या की झालं. हातभर खोल खणायचं. तळाला खडी, वर मुरूम, त्यावर पांढरी माती चाळून. पाणी मारायचं, रोलर फिरवायचा, पुन्हा पाणी, पुन्हा रोलर. शेवटी शेण आणि बारीक भुसा कालवून सारवायचं. शेण गाईचंच, आणि ताजं. म्हशीचं शेण लावलं तर उन्हात पापुद्रे सुटतात. एका नव्या साहेबाने नाक मुरडून शेण बंद करायला लावलं होतं. आठवड्यात कोर्ट भेगाळलं आणि साहेबाचा पाय मुरगळला. लंगडत लंगडतच त्याने शेणाला परवानगी दिली. जाळीची उंची मोजायला आमच्याकडे फूटपट्टी नव्हती. मधोमध रॅकेट उभी धरायची आणि तिच्यावर दुसरी आडवी, बरोबर तेवढी जाळी. आजही मोजून बघा, चूक निघाली तर सांगा.

पण सगळ्यात अवघड काम निराळंच होतं. हरणं. हो, हरणं! मुन्सफसाहेब कचेरीत निकाल द्यायला महिने लावत, पण आमच्याशी खेळताना चेंडू जमिनीला टेकायच्या आत "आऊट" म्हणत. अशा माणसाशी रोज सहा-चारने हरायचं, आणि आपण मुद्दाम हरलो हे त्याला कळू द्यायचं नाही. सहा-शून्यने हरलात तर तो चिडतो, जिंकलात तर नोकरी जाते. सहा-चार हा अगदी बरोबर हिशेब. हरण्यात माझा हात धरणारा त्या काळी अख्ख्या खानदेशात कुणी नव्हता, हे मी छातीवर हात ठेवून सांगतो.

गिऱ्हाइकंही एकेक नमुने. रेल्वेचे इंजिनीअरसाहेब म्हणायचे, "अजून घट्ट, कासम, अजून घट्ट!" मी सांगून थकलो, की साहेब, लाकूड आहे, लोखंड नाही. शेवटी भर दुपारी कपाटात ठेवलेली त्यांची रॅकेट फाडकन फुटली. शिपाई दरोडा पडला म्हणून ओरडत रस्त्यावर पळाला. उलट आमचे मामलेदारसाहेब. त्यांचं कोपर दुखायचं. ते म्हणायचे, "माझी जुन्या बाजेसारखी ढिली बांध रे बाबा." तात ढिली असली की चेंडू क्षणभर तिच्यात बसतो आणि मग अलगद लांब जातो, हाताला जोर पडत नाही. घट्ट तातेवरून मारला तेवढाच जातो. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढचं सगळं हिच्यावर आहे.

आता नरोत्तमबद्दल. ब्राह्मणपुरीचा गुजर पाटलांचा पोरगा, घरी भरपूर वावर, म्हणजे शेती, तिघा भावांत धाकटा. बैलगाडीतून आमच्या कोर्टासाठी मुरूम टाकायला आला आणि गाडी रिकामी झाली तरी जाईना. जाळीपाशी उभा राहून बघत बसला. मग मला म्हणाला, "कासमभाई, यानामा काय शे? चेंडूच मारना शे ना?" मी गंमत म्हणून एक जुनी रॅकेट हातात दिली आणि उंच चेंडू टाकला. त्याने तो असा हाणला की मागच्या कुंपणातून पार गेला. कडब्याच्या पेंढ्या माळ्यावर फेकून फेकून त्याचे खांदे तयार झाले होते. वर्षभरात तो क्लबात दुसरा मार्कर म्हणून लागला. भावांनी डोक्याला हात लावला. गावात चिडवायचे, "पाटीलना पोऱ्या चेंडू मारानी नोकरी करस!" नरोत्तमला त्याचं काही नव्हतं. मला नोकरी हवी होती, कारण घरी पाच लेकरं. त्याला खेळ हवा होता. मी पाहिलेल्या सगळ्या खेळाडूंत, साहेब धरून, तोच सगळ्यात मोठा.

दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या आधीच्या दोन-चार वर्षांतली गोष्ट. आसपासच्या क्लबांनी मिळून मार्कर लोकांची जोड्यांची स्पर्धा सुरू केली होती. पगारी माणसांची, आमची स्वतःची. त्या हिवाळ्यात ती नंदुरबारला ठरली. आठ जोड्या, तीन दिवस. आम्ही दोघं हवेत होतो. तेवढ्यात प्रांतसाहेबांनी आम्हाला बोलावलं. ते क्लबाचे अध्यक्ष. इंग्रज, पण मराठीची परीक्षा पास झालेले, त्यामुळे पुस्तकासारखं बोलायचे.

"क्लबात सभासद कमी झाले आहेत," ते म्हणाले. "एप्रिलपासून एकच मार्कर राहील. परंतु तुम्ही ही स्पर्धा जिंकलीत, तर मी कमिटीला सांगेन की ही जोडी तोडू नका. माझं ते ऐकतील. हरलात, तर एकाला जावं लागेल. कोणाला, ते तुम्हीच ठरवून मला कळवा."

आम्ही बाहेर आलो. मला लेकरं दिसायला लागली. पिंजणाचं काम संपलेलं, दुसरा धंदा येत नाही, पंचेचाळिशीत कुठे जाणार? नरोत्तम नुसता जाळीकडे बघत होता.

"जिकनंच शे, भाऊ," तो म्हणाला. "दुसरं काही नही."

पहिल्या दिवशी भुसावळची जोडी समोर आली. आता आमच्या गावात थंडीच्या दिवसांत मिरची वाळत घालतात, गावाबाहेर लाल पथाऱ्याच पथाऱ्या. वारा फिरला की ठसका असा येतो की पाहुणे रडकुंडीला येतात. आम्हाला त्याचं काही वाटत नाही. भुसावळवाले चेंडू वर उडवायला गेले की शिंकायचे. आम्ही सहज जिंकलो, आणि नरोत्तम त्यांना पाणी देत गंभीर चेहऱ्याने म्हणाला, "तब्येत सांभाळा, भाऊ." दुसऱ्या दिवशी धुळ्याची जोडी. तिने घाम काढला, पण तीही गेली.

अंतिम सामन्यात आमच्यासमोर सुरतची जोडी होती. मगनकाका आणि त्यांचा तिशीतला भाचा. मगनकाकांचं वय साठीच्या आसपास. धोतर खोचलेलं, पाय अनवाणी, अंगात साहेबाचा जुना कोट. ते जोरात मारायचेच नाहीत. पुढच्या दोघांच्या डोक्यावरून चेंडू उंच उडवायचे, आणि तो मागच्या रेघेवर असा उतरायचा की जणू हाताने ठेवलाय. पळून पळून माणूस मेटाकुटीला यायचा. पण दुसऱ्या दिवशीच्या शेवटच्या चेंडूला त्यांच्या रॅकेटची तात तुटली. मार्कर माणसाकडे रॅकेट एकच असायची, तीही कुणा साहेबाने विलायतेला जाताना टाकून दिलेली. काका माझ्या व्हरांड्यात आले.

"कासमभाई, तात बदलवी छे," ते म्हणाले. "ढीली राखजो, हं."

गावात रॅकेट बांधणारा मी एकटा. म्हणजे उद्या ज्याच्याशी माझ्या पोटासाठी खेळायचं, त्याचं हत्यार मीच तयार करून द्यायचं. नरोत्तम शेजारी बसून शेंगा खात होता. काका गेल्यावर हळूच म्हणाला, "एक गाठ जराशी कच्ची ठेव ना. कोनले समजी?"

मी दोरा धरायची टोकदार आर उचलली. "आखो एक सबद बोलना ते हाई आर तुन्हा हातमा घुसाडसु."

"मस्करी करी ऱ्हायनू, भाऊ," तो म्हणाला आणि हसला. मला नीट हसता आलं नाही, कारण तो विचार माझ्याही मनाला चाटून गेला होता.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी रॅकेट बांधायला बसलो. चांगल्यातली चांगली तात घेतली, भोकं साफ केली, एकेक दोरा ओढून आरेने धरला. अब्बांचं नाव राखायचं होतं. पण खरं सांगतो, डोकं ठिकाणावर नव्हतं. एप्रिल, लेकरं, नरोत्तम, प्रांतसाहेब, हेच फिरत होतं. हात आपोआप चालले होते. आणि हात आपोआप चालले की ते कुठल्या सुराकडे जाणार? जन्मापासून ऐकलेल्या. बांधून झाल्यावर मी वाजवून पाहिली. टण्ण! अगदी कमानीसारखी. मी खूश झालो. काका म्हणाले होते ते 'ढीली' त्या क्षणी माझ्या डोक्यात नव्हतंच.

आमच्यात एक रीत होती. बांधणाऱ्याच्या समोर रॅकेट वाजवून बघायची नाही. तो त्याचा अपमान. काकांनी रॅकेट दोन्ही हातांनी घेतली, कपाळाला लावली आणि न वाजवता गेले. मीही मनात म्हटलं, माणूस रीतीचा आहे.

चार वाजता सामना सुरू झाला. अख्खा क्लब जमलेला. खुर्च्यांवर साहेब, मडमा, मामलेदार, वकील, आणि कुंपणापलीकडे निम्मं गाव. पंचाच्या उंच खुर्चीवर प्रांतसाहेब. आणि काय सांगू, आम्ही असे खेळलो की बस! काकांचे ते उंच चेंडू आज मागे जाईनातच. जाळीपाशी अर्ध्यातच उतरायचे आणि नरोत्तम तिथे टपलेला. धाड! धाड! कुंपणापलीकडून ओरडा, "मार पाटील, मार!" पहिला सेट सहा-दोन. दुसऱ्यात तीन-एक. आणखी तीन गेम, की दोघांची नोकरी पक्की. माझ्या पायांना पंख फुटले होते.

तेवढ्यात मडमांच्या बाजूला कुणाचं तरी कुत्रं भुंकायचं थांबलं आणि क्षणभर सगळं शांत झालं. काकांनी चेंडू उडवला. मला आवाज ऐकू आला.

टण्ण.

माझ्या घरातला आवाज होता तो! अब्बांच्या कमानीचा. चेंडू पुन्हा अर्ध्यात पडला, नरोत्तमने तो हाणला, लोक ओरडले. मी काकांकडे बघत होतो. त्यांनी रॅकेटकडे पाहिलंच नाही. आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं. मनगट दोनदा झटकलं, बोटं उघडली, मिटली. मग भाच्याजवळ जाऊन खालच्या आवाजात म्हणाले, "हाथ गयो, भाणा. माफ करजे."

चाळीस वर्षं ज्या हातावर जगले, तो हात संपला असं त्या म्हाताऱ्याला वाटत होतं. आणि हात ठणठणीत होता. चूक माझी होती.

तो गेम आमचा झाला, चार-एक. बाजू बदलताना मी नरोत्तमला पाण्याच्या माठापाशी गाठलं. "नरोत्तम, काकानी रॅकेट मी घट बांधी टाकी. त्यास्ना हात गया नही. चूक मन्ही शे."

"पक्कं?"

"मन्हा कानस्नी आयकं."

त्याचा चेहरा लाल झाला. "तुन्हा कान फुटी जावोत! आतेच आयकू उनं? आखो अर्धा तास त्यास्ले दम नही व्हता का?" तो पेला आपटून म्हणाला, "माले कसाले सांगं? तूच सांगी देता ना त्यास्ले!"

"जोडीमा शेत आपन. तुले इचारा बिगर कसं सांगू?"

सर्व्हिस त्याची होती. गेला आणि पहिलीच दोनदा जाळीत मारली. पुढचा चेंडू कुंपणाबाहेर घालवला. मग आणखी एक जाळीत. लोक हळहळले. कुणाला काय माहीत, त्याच्या आत काय चाललंय! मला माहीत होतं. हा खेळ त्याचा जीव होता, आणि तो गमवायचा की नाही हे मी माठापाशी त्याच्या हातात आणून ठेवलं होतं. तो गेम आम्ही हरलो. चार-दोन.

मग नरोत्तम जाळीपाशी चालत गेला आणि त्याने काकांना हाक मारली. सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला.

"काका, तुमना हात बराबर शे. रॅकेट घट बांधाई गयी. आमनी चूक शे."

'आमनी' म्हणाला तो. 'कासमनी' नाही म्हणाला. त्या एका शब्दासाठी मी त्या माणसाला जन्मभर सलाम करत आलोय.

काकांनी तेव्हा पहिल्यांदा सगळ्यांसमोर रॅकेट वाजवली. कान लावून ऐकली. आणि त्यांच्या चेहऱ्यावर हसू पसरलं, रागाचं नावही नाही! ते भाच्याकडे वळून आपला हात उंच करून दाखवू लागले. प्रांतसाहेबांनी वरून विचारलं, "काय प्रकार आहे?" मी सगळं सांगितलं, टोपी हातात घेऊन. त्यांनी काकांना विचारलं, सामना पहिल्यापासून खेळायचा का? काकांनी मान हलवली. "जे थयुं ते थयुं, साहेब. बीजी रॅकेट आपो, बस."

दुसरी ढिली रॅकेट आणायची कुठून? तर खुर्च्यांतून मामलेदारसाहेब उठले. "माझी घ्या." एका वकिलाने कुरकुर केली, की सभासदाची रॅकेट मार्करच्या हाती कशी? मामलेदार त्याच्यावर उखडले. "रॅकेट माझी, कोपर माझं, तुमचं काय जातंय?" मी कपाटातून ती बाजेसारखी रॅकेट आणून काकांना दिली. माझ्या हातांनी.

त्यांचा पहिलाच चेंडू आभाळात गेला, सावकाश वळला आणि मागच्या रेघेवर उतरला. कुंपणापलीकडून नुसता "अर्रर्र" ऐकू आलं.

आम्ही सोडलं नाही. आयुष्यात तसा खेळलो नाही मी, आधीही आणि नंतरही. हरायचा हिशेब नव्हता, कुणाला खूश ठेवायचं नव्हतं, दोन्ही बाजूंना पगारी माणसं आणि प्रत्येक जण जीव तोडून खेळतोय. साहेब लोक उभे राहून बघत होते. दुसरा सेट सहा-चारने त्यांनी घेतला. तिसऱ्यात पाच-पाच झाले. मग सहा-पाच त्यांचे. शेवटचा चेंडू काकांनी आम्हा दोघांच्या डोक्यावरून टाकला. नरोत्तम पाठमोरा धावला, पोचला नाही. चेंडू रेघेवर की बाहेर? रेघेवरचा पंच चाचरला. नरोत्तम वाकून बघत होता. त्याने हात वर केला.

"बराबर शे! चुना उडना!"

संपलं. काकांनी जाळी ओलांडून आधी नरोत्तमला मिठी मारली, मग मला. संध्याकाळच्या गाडीआधी त्यांनी आपली रॅकेट पुन्हा माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाले, "हवे बांधो. ढीली." स्टेशनची वेळ होईपर्यंत मी ती बांधली. देताना मीच म्हटलं, "काका, वाजवून बघा." त्यांनी वाजवली आणि आम्ही दोघं खो खो हसलो. त्यांच्या सुरतेहून पुढे दरवर्षी बांधायच्या रॅकेटींचा गठ्ठा माझ्याकडे रेल्वेने यायचा. चुकलेल्या कारागिराला कुणी पुन्हा काम देतं का? मला दिलं. तेवढा मान मला कुठल्या साहेबाने दिला नाही.

आता पुढचं सांगतो. हे सांगायला जीभ रेटत नाही, पण सांगतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघं नेहमीसारखा रोलर ओढत होतो. एकमेकांशी बोललो नव्हतो. प्रांतसाहेब घोड्यावरून आले, तिथेच थांबले. म्हणाले, काल तुम्ही जे केलंत त्याचा मला अभिमान वाटतो. परंतु तुम्ही जिंकला असतात तरच कमिटीने माझं ऐकलं असतं, आता माझा शब्द चालणार नाही. "कोण जाणार?"

मी जमिनीकडे बघत राहिलो. मला बोलायला हवं होतं. चूक माझी, रॅकेट मी बांधली, बोल की कासम, मी जातो म्हण. तोंड उघडलं असतं तर तेच बाहेर आलं असतं, म्हणून मी ते घट्ट मिटून ठेवलं. पाच लेकरं डोळ्यांपुढे उभी होती.

"मी जास, साहेब," नरोत्तम म्हणाला. "मन्हं घर वावर शे."

त्याने रोलरची दांडी सोडली, माझ्या पाठीवर थाप मारली आणि कपडे घ्यायला आत गेला. साहेब लोक कायमचे आपल्या देशी निघून जाईपर्यंत मी त्या क्लबात मार्कर राहिलो. माझी पाचही लेकरं त्या पगारावर वाढली. अभिमानाने सांगतो की माझ्या हातची एकही रॅकेट पुन्हा चुकीच्या सुरात गेली नाही. पण ज्या जागेवर उभा होतो ती दुसऱ्याने सोडलेली होती, हे रोज जाळी बांधताना आठवायचं.

होळीनंतर, ज्वारी घरात पडल्यावर, मी हिंमत करून ब्राह्मणपुरीला गेलो. म्हटलं, शिव्या देईल, देऊ दे. नरोत्तम घरी नव्हता. वहिनी म्हणाल्या, "खयामा शेत." मी खळ्याकडे गेलो आणि बघतच राहिलो. मळणी झालेलं मोकळं खळं, शेणाने सारवलेलं, वर चुन्याच्या सरळ रेघा. मधे अंबाडीच्या दोरीची जाळी. तो जाळीची उंची मोजत होता, एक रॅकेट उभी आणि एक आडवी. मला बघून म्हणाला, "बरं व्हयनं उना. जोडीदार नही व्हता माले. गावना मास्तर न तलाठी रोज जोडी करी येतस."

बोलायचं ते मी मनात घेऊनच आलो होतो, थांबवेना. तिथेच उभ्या उभ्या बोललो. "नरोत्तम, त्या दिन मी चूप बठनू. मी बोलाले पायजे व्हतं."

त्याने रॅकेट काखेत धरली आणि माझ्याकडे पाहिलं.

"माहीत शे माले," तो म्हणाला. "पन त्या येळे सर्व्हिस मन्ही व्हती, कासमभाई. तू जाळीजोगे उभा व्हता. आखो काय करता?"

माझे डोळे भरून आले, लपवलेही नाहीत. मास्तर आणि तलाठी पलीकडे येऊन उभे राहिले होते. नरोत्तमने वाकून चेंडू उचलला आणि माझ्याकडे फेकला.

"चाल, आते तुन्ही."

मी मागच्या रेघेवर गेलो आणि सर्व्हिस केली. पहिली जाळीत गेली. दुसरी आत पडली.